नापासबाईंचं इंजिन

लेथ आपल्या मंडळाच्या अध्यक्षांना देऊन टाकायचं असं दादानं ठरवलं, आणि मटार सोलता सोलता बहिणीला सांगून मोकळा झाला. सांगण्याची तऱ्हा अशी, की जणू माळ्यावरची तुटकी खुर्चीच द्यायची आहे.

"तीन महिन्यांनी वार्षिक सभा झाली की सोमवारी टेम्पो येईल," तो म्हणाला. "मागच्या दारातल्या कुंड्या तेवढ्या हलवून ठेव."

बाईंनी हातातली शेंग खाली ठेवली. "ते लेथ बाबांचं आहे."

"मग?"

"मग निम्मं माझं आहे."

"कुठलं निम्मं? डावं की उजवं?" दादा हसला. मग हसू आवरून त्यानं आपले दोन्ही हात पुढे धरले. बोटं बारीक थरथरत होती. दोन वर्षं झाली, ती थांबायचं नावच घेत नव्हती. "यंत्र चालवणाऱ्याचं असतं. माझ्यानं आता होत नाही, आणि ते धूळ खाताना मला बघवत नाही. अध्यक्ष चालवतील. तू कधी चालवलंस? तू दिवा धरायचीस."

हे खरं होतं, म्हणून जास्त लागलं. मागच्या पत्र्याच्या खोलीत वडील लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, काम करायचे, दादा शेजारी उभा राहून शिकायचा, आणि ही दिवा धरायची. उजेड बरोबर टूलच्या, म्हणजे धातू कापणाऱ्या पात्याच्या, टोकावर पडला पाहिजे. जरा हात हलला की वडील म्हणायचे, "दिवा." एवढंच. दहा वर्षं तिनं दिवा धरला. लेथच्या हँडलला हात लावू का, असं एकदाच विचारलं होतं, तेव्हा दोघंही इतके हसले की पुन्हा विचारायची सोय राहिली नाही.

पुढे दोघं भावंडं एकाच कारखान्यात लागली. तो लेथवर टर्नर, ही तपासणी खात्यात. बत्तीस वर्षं बाईंच्या समोर एक टेबल, टेबलावर ड्रॉइंग, उजव्या हाताला मायक्रोमीटर आणि डाव्या हाताला लाल रंगाची डबी. माप बरोबर असलं तर भाग पुढच्या ट्रेमध्ये, नसलं तर लाल ठिपका आणि भंगारात. फरक धरायचा तो शतांशात, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. केसाच्या जाडीत असे सहा-सात मावतात, आता बोला. भलेभले टर्नर टेबलापुढे शाळकरी पोरांसारखे उभे राहायचे. कुणी गयावया करायचं, कुणी दम द्यायचं, कुणी चहा पाठवायचं. बाई चहा प्यायच्या आणि मान वर न करता म्हणायच्या, "नापास." सगळा कारखाना त्यांना नापासबाई म्हणायचा. तोंडावरसुद्धा.

आणि या नापासबाईंनी एकदा सख्ख्या भावाचे चाळीस बुश नापास केले होते. बुश म्हणजे काशाची गुबगुबीत नळी, तिच्यात शाफ्ट, म्हणजे यंत्राचा दांडा, फिरतो. दादाच्या बुशांची भोकं दोन शतांशांनी मोठी निघाली. तो म्हणाला, आज शाफ्टच जाड आलेत, म्हणून मी त्यांच्या मापानं काढले, तू घालून बघ. बाई म्हणाल्या, माझ्या टेबलावर ड्रॉइंग येतं, शाफ्ट येत नाही. चाळीसच्या चाळीस बुशांवर लाल ठिपका पडला. त्या वर्षी दादा बढती मिळून चार्जमन व्हायचा होता, तो झाला नाही. एकोणतीस वर्षं झाली. दोघं एका घरात राहतात, एका पातेल्यातलं जेवतात, आणि महिन्यातून एकदा तरी दादा कुठल्याशा निमित्तानं म्हणतो, "घालून तरी बघायचं होतंस."

तर अशा या बाईंनी मटाराची परात बाजूला सारली. "चालवून दाखवलं तर?"

"काय?"

"लेथ. मी चालवून दाखवलं तर?"

दादानं क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "नुसतं गरगर फिरवणं म्हणजे चालवणं नव्हे. इंजिन कर. मंडळाच्या सभेत फुंकरीवर फिरवून दाखव. फिरलं तर लेथ तुझं. नाही फिरलं तर सोमवारी टेम्पो. आणि मी एक अक्षर शिकवणार नाही."

"तुला विचारतंय कोण," बाई म्हणाल्या.

दादाचं हे मंडळ म्हणजे हौशी लोकांचं. घरच्या घरी चिमुकली इंजिनं बनवणारे वीस-पंचवीस जण महिन्यातून एकदा शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात जमायचे, एकमेकांची कामं बघायचे आणि बिस्किटं खायचे. त्यांचा एक जुना नियम होता. नव्या माणसानं स्वतः केलेलं इंजिन आणायचं, त्याला रबरी नळी लावायची आणि तोंडानं फुंकायचं. एका श्वासात चाकाचे वीस फेरे झाले तर माणूस सभासद. वाफ नाही, पंप नाही, फक्त छातीतली हवा. काम ढिलं असेल तर हवा निसटते, घट्ट असेल तर चाक हलत नाही. फुंकरीपुढे कुणाची बनवाबनवी चालत नाही.

बाई नाव द्यायला गेल्या तेव्हा अध्यक्षांनी त्यांना मानानं खुर्ची दिली. अध्यक्ष निवृत्त दंतवैद्य होते. उभं आयुष्य दुसऱ्यांच्या दातांना भोकं पाडल्यामुळे धातूचंही आपल्याला सगळं कळतं, अशी त्यांची ठाम समजूत होती.

"तुमच्यासारख्या माणसाची आम्हाला गरजच होती," ते म्हणाले. "आमच्या प्रदर्शनाला परीक्षक व्हा. बनवणाऱ्यांचे हात वेगळे, तपासणाऱ्यांचे हात वेगळे. तुमचे हात तपासणाऱ्याचे."

"माझे हात माझे आहेत," बाई म्हणाल्या. "नाव लिहा."

"पण या वयात..."

"एकसष्ट. तेही लिहा."

अध्यक्षांनी नाव लिहिलं. लिहिताना ते शेजारच्याकडे बघून गालातल्या गालात हसले, आणि ते हसू बाईंनी बरोबर टिपलं. जिनं बत्तीस वर्षं शतांश टिपले तिला दंतवैद्याचं हसू काय जड.

हत्यारांच्या दुकानातही तेच. बाईंनी टूलचं पोलाद मागितलं, तर दुकानदार म्हणाला, "साहेबांनी चिठ्ठी दिलीय का?" बाई म्हणाल्या, "साहेब मीच." त्यानं बिचाऱ्यानं निमूट पोलाद काढून दिलं.

मागच्या खोलीत शिरायला कुंड्या ओलांडाव्या लागायच्या. खोली केवढी, दोन पलंग मावतील एवढी. खिडकीखाली लेथ, काळं, जड, हँडलची मूठ वडिलांच्या तळव्यानं गुळगुळीत झालेली. बाईंनी केस घट्ट बांधले, बाह्या कोपराच्या वर दुमडल्या आणि धूळ पुसली. दिवा भिंतीवरच्या खिळ्याला टांगला. आता दिवा धरायला कुणी नव्हतं, आणि नकोही होतं.

पहिला आठवडा नुसता अपमानाचा गेला. पितळेचा गज चकमध्ये, म्हणजे लेथच्या फिरत्या जबड्यात, धरून फिरवला आणि टूल लावलं, तर ते किंचाळायला लागलं. कापलेल्या तोंडाच्या मधोमध एक बारीक टिकली उरायची, काही केल्या जायची नाही. लेथच्या पुस्तकात दिलं होतं की टूलचं टोक गजाच्या बरोबर मध्यावर हवं, खाली राहिलं तर अशी टिकली उरते. बाईंनी खाली पत्र्याच्या पट्ट्या सरकवल्या. एक, दोन, मग निम्म्या जाडीची तिसरी. टिकली गेली. एवढ्याशा टिकलीसाठी चार दुपारी गेल्या होत्या. टूलला धार लावताना बोटांची सालं गेली. एकदा पोलादाची तापलेली निळी चुरी उडून गळपट्टीत गेली आणि बाई अशा काही नाचल्या की कुंडी फुटली. चक आवळायची किल्ली एकदा चकमध्येच विसरली आणि बटण दाबलं. किल्ली सणसणत गेली आणि पत्र्याला खड्डा पाडून खाली पडली. बाईंनी ती उचलली, गळ्यात दोरी बांधून लटकवली आणि पुन्हा बटण दाबलं.

पुढच्या खोलीत दादा वर्तमानपत्र घेऊन बसलेला असायचा. शिकवणार नाही म्हणाला होता, ते त्यानं पाळलं. पण चाळीस वर्षं लेथवर काढलेला माणूस, त्याचे कान कुठे जाणार. इकडे टूल किंचाळलं की तिकडे दादा खोकायचा. कापताना घाई झाली की खोकला. टूल बोथट झालं की खोकला. असा अंगाचा नुसता भडका उडायचा बाईंचा.

"औषध घे," त्या आतून म्हणायच्या.

"पोथी वाचतेयस का लेथ चालवतेयस, मला काय त्याचं," तो बाहेरून म्हणायचा.

मग बाईंनी खोलीचं दार लावून घेतलं, वर रेडिओ लावला. पण दुसऱ्या महिन्याच्या शेवटी एक दिवस रेडिओ बंद होता आणि दुपारभर काम चाललं, तरी खोकला आला नाही. पितळेच्या लांब, सलग चुऱ्या निघत होत्या आणि आवाज कसा, नव्या कापडाला कात्री लागावी तसा. बाईंनी दार उघडून पाहिलं. दादा वर्तमानपत्र उलटं धरून बसला होता. बाईंनी दार पुन्हा लावलं आणि पुढचा गज चकमध्ये धरला.

इंजिन अगदी साधं होतं. एक पाट, एक खांब, त्याला टेकून डुलणारा सिलिंडर, सिलिंडरमध्ये मागेपुढे जाणारा पिस्टन, आणि पिस्टननं फिरणारं चाक. सगळे मिळून अकरा भाग. ड्रॉइंगमध्ये प्रत्येकाला आकडा होता. बाईंनी एक नंबरपासून सुरुवात केली. भाग करायचा, मायक्रोमीटर लावायचा, माप बरोबर असेल तर तेलाच्या कागदात गुंडाळून डबीत. नसेल तर स्वतःच्याच हातानं लाल ठिपका द्यायचा आणि नव्यानं सुरू करायचं. भावाला सोडलं नाही, तर स्वतःला कशाला सोडतील. पिस्टन तीनदा नापास झाला. चौथा बारा मिलिमीटरला एक शतांश कमी, हवा तसा. सिलिंडरला पाच शतांशांची सूट ड्रॉइंगमध्येच दिली होती, त्याचं भोक बाराला चार जास्त आलं. नियमात बसलं, पास. शाफ्ट पास, खांब पास, चाक पास. सभेला पंधरा दिवस असताना अकराच्या अकरा भाग डबीत झोपले होते. इतकं चोख काम त्यांच्या टेबलावर बत्तीस वर्षांत क्वचितच आलं असेल, असं त्यांना वाटलं. वाटणारच.

रविवारी सकाळी त्यांनी पहिल्यांदाच सगळे भाग एकत्र जोडले. नळी लावली, छाती भरून घेतली आणि फुंकलं.

काही झालं नाही.

पुन्हा फुंकलं. पिस्टनच्या कडेनं फुस्स करून हवा निसटत होती, आणि चाक जागचं हलत नव्हतं. तेल घातलं, स्क्रू सैल केले, स्क्रू आवळले. फुंकून फुंकून डोळ्यांपुढे काजवे चमकले, कानशिलं तापली. पिस्टन सिलिंडरमध्ये चक्क खुळखुळत होता, आणि शाफ्ट खांबाच्या भोकात असा रुतून बसला होता की दोन बोटांनी फिरता फिरेना. बाईंनी सगळं सोडवलं आणि प्रत्येक भाग पुन्हा मोजला. सगळे पास. एकेकटे सगळे पहिल्या नंबरात पास, आणि एकत्र बसले की कुणाचं कुणाशी पटत नाही.

बाई स्टुलावर बसून राहिल्या. बत्तीस वर्षं त्यांच्या टेबलावरून लाखानं भाग गेले. ट्रे भरायचा, गाडीवरून दुसऱ्या शेडमध्ये जायचा. तिथे त्याचं पुढे काय होतं, कोण कुणाला जोडलं जातं, हे बघायला त्या एकदाही गेल्या नव्हत्या. जायचं मनातसुद्धा आलं नव्हतं. माप बघायचं, जोडीदार बघायचा नाही, हीच त्यांची नोकरी होती. आता हे कळलं आणि संताप आला. दादाचा नाही, अध्यक्षांचा नाही, स्वतःचा. डोळ्यांत पाणीच आलं, ते त्यांनी तेलकट हातानं पुसलं आणि चेहरा काळा करून घेतला.

तशाच त्या पुढच्या खोलीत गेल्या. दादा टाचणीनं पायातला काटा काढत होता.

"ते बुश बसले असते," बाई म्हणाल्या.

दादाची टाचणी थांबली. कुठले बुश, हे त्याला विचारावं लागलं नाही.

"बसलेच असते."

"त्या दिवशीच्या शाफ्टवर."

"हो."

"पण एखादा बुश दुसऱ्या कारखान्यात सुटा गेला असता, तर तिथल्या शाफ्टवर ढिला झाला असता. म्हणून मी आजही नापासच करीन."

"कर की. नाही कोण म्हणतंय," दादा म्हणाला. "घालून तरी बघायचं होतंस."

दादा उठला, लंगडत पलंगापाशी गेला आणि खालून पत्र्याचा एक डबा ओढून काढला. झाकण गंजलं होतं, ते त्याच्या थरथरत्या हातांनी निघेना. बाईंनी काढलं. आत चाळीस बुश होते. पिवळसर, जड, आणि प्रत्येकाच्या तोंडावर लाल ठिपका.

"भंगारातून मागून आणलेस?"

"मग काय टाकून देऊ? चांगलं कासं आहे." दादानं डबा तिच्याकडे सरकवला. "सिलिंडरला याच्यासारखं दुसरं नाही."

"दादा, शिकवायचं नाही असं ठरलंय."

"शिकवतोय कुठे? तक्रार करतोय. एकोणतीस वर्षं करतोय तीच." तो पुन्हा काट्याकडे वळला. "आधी भोक. मग त्यात जाणारं. भोक येईल त्या मापाचं येऊ दे. तू त्याच्याकडे बघ, कागदाकडे नको."

बाईंनी डबा उचलला आणि मागच्या खोलीत नेला. मायक्रोमीटर त्याच्या पेटीत घातला, पेटी खणात, खण बंद. हे लिहायला सोपं आहे. बाईंचा हात दर पाच मिनिटांनी खणाकडे जायचा, आणि त्या स्वतःच्याच हातावर चापट मारायच्या.

पहिला बुश कापताना चकमधून सुटला. दुसऱ्याचं भोक एका बाजूला निमुळतं आलं. तिसरा बरा होता, पण त्यातला पिस्टन एका घाईच्या कापानं बारीक झाला आणि जोडी फुटली, तो पिस्टनसकट बाजूला ठेवावा लागला. चौथ्याला धरताना चीर गेली. पाचव्याचं भोक गुळगुळीत आलं. किती मोठं आलं, देव जाणे. बाईंनी पाहिलं नाही. त्यांनी पिस्टनसाठी नवा गज लावला आणि अंगावरचा एक-एक पापुद्रा काढत गेल्या. काढायचं, लेथ थांबवायचं, सिलिंडर आणून त्यावर घालून बघायचं. जात नाही. पुन्हा काढायचं. पुन्हा घालून बघायचं. भांडी घासायच्या पावडरीपेक्षा बारीक अशा पॉलिशनं घासायचं, धुवायचं, घालून बघायचं.

शुक्रवारी दुपारी पिस्टन आत गेला. बाईंनी सिलिंडरचं खालचं तोंड अंगठ्यानं बंद केलं आणि पिस्टन वरून सोडला. तो पडला नाही. आतल्या हवेवर तरंगत राहिला. अंगठा काढला, तसा तो आपल्या वजनानं अलगद खाली सरकला. अंगठा लावून वर ओढला तर टप्प असा आवाज झाला, बाटलीचं बूच निघावं तसा. बाईंनी तो आवाज सात-आठ वेळा काढला. बाहेर दादानं खोकायचं नाटकसुद्धा केलं नाही. मग शाफ्टचं भोकही त्याच रीतीनं, शाफ्ट घालून घालून, मोकळं केलं. सिलिंडरच्या तोंडावरचा लाल ठिपका तेवढा त्यांनी कापला नाही. एक पापुद्रा काढला असता तर ठिपका गेला असता. राहू दिला.

सभेच्या दिवशी चित्रकलेचा वर्ग भरला होता. दोन जणांची इंजिनं फुंकून झाली, एक फिरलं, एक फिरलं नाही. मग बाईंनी आपलं इंजिन टेबलावर ठेवलं. अध्यक्षांनी खिशातून स्वतःचा मायक्रोमीटर काढला. तो चकचकीत होता, दिसतच होतं की कामाला फारसा लागलेला नाही.

"तुमच्या इंजिनाला तुमचीच पद्धत लावू," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. दोघं-तिघं हसले. "ड्रॉइंग आणलंय मी. पिस्टन काढता का जरा?"

नियमात मोजणं नव्हतं. बाईंना ते ठाऊक होतं, तरी त्यांनी पिस्टन काढून दिला. अध्यक्षांनी मोजला, चष्मा वर केला, पुन्हा मोजला.

"बारा हवा. हा बाराच्या वर अकरा शतांश आहे. बाई, तुमच्या टेबलावर हा आला असता तर तुम्ही काय म्हणाला असता?"

"नापास," बाई म्हणाल्या.

"मग?"

"मग काय? नापासच आहे. सिलिंडरही नापास आहे, त्याच्यावर शिक्कासुद्धा आहे, हा बघा लाल. मीच मारलाय, एकोणतीस वर्षांपूर्वी. मोजून झालं असेल तर द्या इकडे. इथे फुंकायचं असतं ना?"

आता मात्र कुणी हसलं नाही. बाईंनी पिस्टन घातला, दोन थेंब तेल दिलं, नळी तोंडात धरली आणि फुंकलं. चाक एकदा थरथरलं आणि थांबलं.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. मागच्या बाकावर दादानं खोकण्यासाठी घसा खाकरायला घेतला, पण त्याआधीच बाईंनी नळी तोंडातून काढली होती आणि मागे न बघता हात वर केला होता. गप्प बस, मला कळलंय. चाक नेमकं अडणीच्या जागी उभं होतं, तिथून कितीही फुंका, ढकलायला वाव नाही. त्यांनी करंगळीनं चाक जरासं पुढे सरकवलं. मग श्वास घेतला, घाई केली नाही, आणि गरम दुधावर फुंकर घालावी इतकंच हलकं फुंकलं.

चाक फिरलं. एकदा, मग दुसऱ्यांदा, मग सिलिंडर डुलायला लागला आणि टकटक, टकटक असा आवाज सुरू झाला. कुणीतरी मोठ्यानं मोजायला लागलं. दहा. पंधरा. वीस झाले. अध्यक्ष म्हणाले, "पुरे, झाले वीस." बाईंनी नळी सोडली नाही. चेहरा लाल झाला, कपाळावरची शीर उठली, तरी सोडली नाही. सत्तावीस. अठ्ठावीस. एकोणतिसाव्या फेऱ्याला हवा संपली, आणि तरीही चाक आपल्याच जोरावर आणखी दोनदा फिरून मग सावकाश थांबलं.

टाळ्या वाजल्या. आधी थोड्या, मग सगळ्यांच्या. अध्यक्षांनीही वाजवल्या, माणूस तेवढा वाईट नव्हता. मग ते दादाकडे वळले, हळूच म्हणाले, "मग, सोमवारी टेम्पो किती वाजता पाठवू?"

"मला काय विचारता?" दादा म्हणाला. "यंत्र तिचं आहे. तिला विचारा."

अध्यक्ष बाईंकडे वळले. जरा चाचरले. "तुमच्याकडे जागा अपुरी, माझ्याकडे मोठी शेड आहे, तुम्ही केव्हाही येऊन वापरा, असं मी सुचवत होतो..."

बाई इंजिन फडक्यात गुंडाळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"नापास," त्या म्हणाल्या.

दोघं चालत घरी निघाले. इंजिनाची पिशवी दादानं मागितली, बाईंनी दिली नाही. कोपऱ्यावर दोघं वळले. मग दादा म्हणाला, "डब्यात पस्तीस उरलेत."

"मोजलेस?"

"मोजले."

दादाची चाल हल्ली संथ झाली होती, त्याच्या बेतानं बाई चालल्या. दाराशी पोचल्यावर त्यांनी किल्ली काढली.

"उद्या आधी एक शाफ्ट काढते," त्या म्हणाल्या. "जाड. त्या दिवशी होते तसला. तुझा बुश घालून बघू."

दादानं तिच्या हातातली किल्ली घेऊन कुलूप उघडलं.

"बसला तरी ठिपका पुसणार नाही हं मी," बाई म्हणाल्या.

"तुला पुस कोण म्हणतंय," दादा म्हणाला, आणि कुंड्या ओलांडून मागच्या खोलीतला दिवा लावायला गेला.